दांडीच्या घराचे परसदार कसे मांडावे?

घर बांधायला काढले म्हणजे माणूस पुढच्या बाजूचाच विचार जास्त करतो. रस्त्यावरून दिसणारी ओटी, दाराची चौकट, खिडक्यांच्या जाळ्या, रंग, नावाची पाटी. पैसा संपत आला, गवंडी निघून गेला, की मागे जी जागा उरते तिला आपण परसदार म्हणतो. तिथे फुटक्या कौलांचा ढीग, उरलेली खडी, गंजलेले पिंप आणि मोरीचे साचलेले पाणी. आणि गंमत अशी, की घरातली बाई दिवसाचे पाच-सहा तास याच जागेत उभी असते. भांडी, कपडे, मासळी साफ करणे, सरपण, पोराची आंघोळ, म्हातारीचे ऊन खाणे, सगळे इथे. ज्या जागेत घराचा निम्मा संसार होतो तिच्यासाठी कागदावर एक रेघही ओढलेली नसते.

म्हणून या वेळी आम्ही परसदारावरच लिहायचे ठरवले. आमच्यासमोर गाव आहे ते दांडी. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, उच्छेळी आणि नवापूर यांच्या शेजारी, अरबी समुद्राच्या काठचे हे मासेमारीचे गाव. इथले सांगितले ते मुरबे, सातपाटी, आलेवाडी, चिंचणी अशा किनाऱ्यावरच्या कोणत्याही घराला लागू पडेल. आणि बोईसरच्या चाळीत राहून गावी चार भिंती उभारण्याचे स्वप्न पाहणाऱ्या कुटुंबालाही उपयोगी पडेल.

अंगणाची किंमत याच जिल्ह्याने दाखवली

मोकळ्या जागेला ‘वाया गेलेली जागा’ म्हणणाऱ्यांना आम्ही एक आठवण करून देऊ इच्छितो. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली आणि अंगणात भरवली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. चार हात सारवलेल्या जमिनीवर माणसे शिकून शहाणी होतात, हे त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे.

दुसरी गोष्ट याच्या उलट्या बाजूची. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे त्याच्या ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. गाव उठते तेव्हा भिंतीची भरपाई कागदावर मांडता येते. पण परसातला तीस वर्षांचा नारळ, त्याखालची धुण्याची शिळा, शेजारणीशी बोलायची कुंपणातली वाट, हे कोणत्याही भूखंडाबरोबर मिळत नाही. नवीन जागेवर घर एका वर्षात उभे राहते. सावलीला मात्र दहा वर्षे लागतात. ज्यांच्याकडे आज परसदार आहे त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

आधी पंधरा दिवस नुसते पाहा

गवंड्याला बोलावण्यापूर्वी पंधरा दिवस आपल्या परसात काय घडते ते वहीत लिहून काढा. सकाळी नऊला ऊन कुठे असते, दुपारी तीनला कुठे असते? उदबत्ती पेटवून ठेवली तर धूर कोणत्या दिशेला जातो? पाणी कुठून येते आणि कुठे साचते? घरातले कोण कोणत्या वेळी तिथे असते आणि काय करते?

किनाऱ्यावर तीन गोष्टी नक्की धराव्यात. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतरचे तापदायक ऊन आणि खारा वारा दोन्ही त्याच बाजूने येतात. पावसाळ्यात झोड नैर्ऋत्येकडून बसते. आणि पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. जी मांडणी जुलै महिन्यात टिकत नाही ती इथे मांडणीच नव्हे. मासिकातल्या चित्रात दिसणारे हिरवळीवरचे वेताचे सोफे दांडीला एका पावसात बुरशीने काळे पडतात.

वही लिहून झाली की घरातल्या सगळ्यांना बसवून ती वाचा. आमचा आग्रह आहे, की पहिला शब्द घरातल्या बाईचा असावा आणि दुसरा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा. पुरुष मंडळी एमआयडीसीतल्या पाळीला किंवा बोटीवर जातात. परसात दिवस काढतात त्या या दोघी-तिघी.

एक नमुना आराखडा

समजा, जागा ३० फूट रुंद व ६० फूट लांब आहे. पुढे ८ फूट सोडले, घर २४ फूट रुंद व २८ फूट लांब बांधले आणि दोन्ही बाजूंना ३ फुटांच्या बोळी ठेवल्या, तर मागे ३० फूट बाय २४ फूट जागा उरते. म्हणजे ७२० चौरस फूट. ही जागा थोडी नव्हे. बोईसरच्या कित्येक खोल्या याच्या चौथाईतही बसतात.

या २४ फुटांचे तीन पट्टे पाडावेत. घराला लागून ८ फुटांची पडवी. तिच्यापुढे १२ फुटांचे अंगण. शेवटी वईला लागून ४ फुटांचा झाडांचा पट्टा.

पडवी २४ फूट लांब व ८ फूट रुंद करावी. पावसाळ्यातले सगळे आयुष्य हिच्यात जाते. कपडे इथेच वाळतात, मुले इथेच अभ्यास करतात. मासेमारी बंदीच्या काळात जाळी पसरून दुरुस्त करायला लांब, कोरडी, सपाट जागा लागते, तीही हीच.

अंगणाच्या ३० फुटांचे पुन्हा तीन भाग. स्वयंपाकघराच्या दारासमोर ६ फुटांत धुण्याभांड्यांचा ओटा व नळ. मधे १५ फूट बाय १२ फूट मोकळा चौक. उरलेले ९ फूट स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात सरपण आणि सुकवणीसाठी. बोंबील सुकवायची वलांडी किंवा जवळ्याची जाळी इथे येईल. मासळी जमिनीवर न पसरता उंचावर जाळीत सुकवली तर रेती लागत नाही, कुत्री-मांजरे तोंड लावत नाहीत आणि भावही बरा मिळतो.

मधला चौक १८० चौरस फुटांचा होतो. सतरंजीवर माणूस ऐसपैस बसला तर सहा चौरस फूट लागतात, म्हणजे तीस माणसे आरामात बसतील. मुलाचे नामकरण असो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो की बचत गटाची बैठक, भाड्याच्या हॉलचा खर्च वाचतो आणि कार्यक्रम आपल्या घरी होतो.

सगळे एकसंध कसे दिसेल?

पुष्कळ घरी पैसा खर्च होतो, पण परसदार ठिगळ लावल्यासारखे दिसते. एक वर्षी इथे लादी, दुसऱ्या वर्षी तिथे पत्रा, तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात सिमेंटचा बाक. याला उपाय सोपा आहे. खर्च टप्प्याने करावा, पण आराखडा एकदाच करावा.

जमिनीसाठी दोनच प्रकार ठरवा. पडवीला व धुण्याच्या जागेला खडबडीत शहाबादी फरशी, चौकाला दाबलेला मुरूम किंवा सारवण. सगळ्या परसाला सिमेंटचा कोबा करू नये. कोबा दुपारी तापतो, रात्री उशिरापर्यंत घराला उष्णता देतो आणि पावसाचे पाणी जमिनीत जिरू देत नाही. गुळगुळीत चकचकीत लादी तर बाहेर लावूच नये. शेवाळावरून घसरून खुबा मोडलेले म्हातारे माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालू लागणे कठीण असते.

एक वाट ठरवा. स्वयंपाकघराच्या दारापासून संडास-न्हाणीपर्यंत ३ फूट रुंद, सरळ, रात्री दिवा असलेली. आणि एक नजर ठरवा. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला खिडकीतून चौकात खेळणारे मूल दिसले पाहिजे. या दोन गोष्टी साधल्या की बाकीचे आपोआप जुळत जाते.

बसायला खुर्च्या विकत घेण्याची गरज नाही. पडवीच्या कडेने १६ ते १८ इंच उंच आणि १८ इंच रुंद कट्टा बांधा. तोच कठडा, तोच बाक आणि पाहुणे आले की त्यावरच ताटे. पडवीची जमीन अंगणापासून एक फूट उंच ठेवा. चाकाच्या खुर्चीसाठी किंवा काठी टेकत चालणाऱ्यासाठी उतरण करायची तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरतात. एक फूट उंचीला बारा फुटांची उतरण पुरते आणि ती आपल्या चौकाच्या कडेने बसते. पायऱ्या करायच्या तर सहा इंचांहून उंच नकोत आणि एका बाजूला धरायला दांडा हवाच.

पाण्याची वाट आधी

आमच्या मते परसदाराचे पहिले काम पाण्याचे. सुशोभन नंतर. शेजाऱ्याशी भांडण बहुधा इथेच सुरू होते.

अंगणाला दर आठ फुटांमागे एक इंच उतार द्यावा, तोही घरापासून दूर. आपल्या १२ फुटांच्या चौकाला दीड इंच उतार येईल. डोळ्यांना तो दिसणारही नाही, पण पाणी ओळखेल. पडवीच्या छपराला पन्हळ लावा. १९२ चौरस फुटांच्या छपरावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर पावणेदोनशे लिटरच्या वर पाणी येते. एका दिवसात दहा सेंटीमीटर झाला तर पावणेदोन हजार लिटर. हे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडायचे की पिंपात भरून धुण्याला वापरायचे, हे आपण ठरवायचे आहे.

धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याला शोषखड्डा हा चांगला उपाय आहे. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी. मात्र किनाऱ्यावर पावसाळ्यात भूजल वर येते आणि खोल खड्डा उलटा भरतो. अशा घरांनी खड्डा उथळ ठेवून पाणी केळी, अळू आणि कर्दळीच्या आळ्यात सोडावे. ही झाडे भरपूर पाणी पितात.

संडासाच्या शोषखड्ड्याचे अंतर विहिरीपासून निदान ५० फूट हवे. एका परसात एवढे अंतर बहुधा मिळत नाही. म्हणून आपली व शेजाऱ्याची, दोन्ही विहिरी पाहूनच जागा नक्की करावी, आणि शंका असेल तर त्या विहिरीचे पाणी प्यायला वापरू नये. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल झाला. ही पार्श्वभूमी असलेल्या भागात बोअरचे पाणी एकदा तपासून घेऊनच पिण्यासाठी किंवा भाजीसाठी वापरावे.

पिंप, कुंडीखालच्या ताटल्या, टायर यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी उपडी करून कोरडी करावीत.

वारा, मीठ आणि हादरे

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कोकणात कित्येक घरांचे पत्रे उडाले. नुसते दगड ठेवून दाबलेला पत्रा वादळात शस्त्र होतो. पत्रा जे-हुकाने आणि रबरी वॉशर घालून वाशाला आवळावा आणि वासा खांबाला पट्टीने बांधावा.

खाऱ्या हवेत साधे लोखंड भराभर गंजते. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप वापरा किंवा बांबू वापरा. बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्यावा. त्यात साखर-पिठूळपणा कमी असतो. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर भुंगा कमी लागतो. खांब थेट मातीत पुरू नये. दगडी किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभा करावा. समुद्राची रेती बांधकामात वापरणे हा तर सरळ तोटा आहे. तिच्यातल्या मिठाने सळई गंजते व भिंतीला लोणा लागतो. शिवाय किनारा खचतो तो वेगळाच.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने भूकंपाचे अनेक धक्के सोसले आहेत. म्हणून परसाला विटांची उंच, बिनखांबाची भिंत घालू नये. मूल खेळते त्याच बाजूला ती पडते. कमरेएवढी भिंत आणि वर वई पुरेशी आहे.

कोणती झाडे?

वईसाठी निर्गुंडी, मेंदी आणि अडुळसा. गुरे खात नाहीत आणि औषधाला होतात. पश्चिमेच्या पट्ट्यात वारा अडवायला भेंड, उंडी किंवा करंज. ही झाडे खारे वारे सोसतात. नारळ हवाच, पण दोन नारळांत २५ फूट अंतर हवे. नारळाखाली बसायचा कट्टा किंवा पाळणा कधीही ठेवू नये. चौकावर बांबूचा मांडव घालून दुधी, दोडका, मायाळू चढवावा. भाजी मिळते आणि वेल सुकला की थंडीत ऊनही मिळते. धुण्याच्या पाण्याशेजारी अळू आणि केळी. दाराशी गवती चहा, ओवा, कढीपत्ता. कण्हेर विषारी असते. लहान मुले असलेल्या घराने ती लावू नये.

बोधिवृक्षाचे रोप श्रद्धेने आणलेले असते, पण पिंपळाचे मूळ पाया आणि टाकी दोन्ही फोडते. त्याची जागा विहाराच्या मोकळ्या आवारात किंवा गावच्या सार्वजनिक जागेत आहे. घराच्या भिंतीजवळ तो लावू नये.

भाड्याची खोली की परसदार?

आता कळीचा प्रश्न. बोईसर-तारापूर पट्ट्यात कामगारांना खोल्या हव्या असतात. परसात दोन खोल्या काढल्या तर महिन्याला भाडे येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून जमिनीची चर्चा आणखी वाढली आहे. गरिबाच्या घरात येणाऱ्या भाड्याला नावे ठेवणे आम्हाला शोभणार नाही. त्या पैशावर मुलीचे कॉलेज होत असेल तर खोली जरूर काढावी.

पण हिशेब पुरा करावा. परस बुजला की स्वयंपाकघर अंधारे होते, दिवसा दिवा लागतो. कपडे आतल्या खोलीत वाळतात, भिंती ओल धरतात, दमेकऱ्याला त्रास होतो. म्हातारी माणसे एका खाटेवर दिवस काढतात. मासळी सुकवायची जागा गेली की बाईच्या हातातला स्वतःचा चार पैशांचा धंदाही जातो. भाडे नवऱ्याच्या हातात येते आणि गेलेली कमाई तिची असते! हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही मांडतो आहोत. खोली काढायचीच तर एक काढावी, बोळीतून स्वतंत्र वाट द्यावी आणि घरामागे निदान दहा फूट आकाश मोकळे ठेवावे.

पक्के बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. समुद्रकाठच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. ते १९९१ साली प्रथम आले, पुढे २०११ व २०१९ मध्ये नव्याने निघाले. आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते हे आधी कळलेले बरे.

कामाचा क्रम

ऑक्टोबर-नोव्हेंबरात राडारोडा उचलून उतार काढावा. डिसेंबर-जानेवारीत पाइप व वायर जमिनीखालून न्यावी. बाहेरच्या दिव्याला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे बटण हवेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडवी उभी करावी. एप्रिलमध्ये कट्टा आणि फरशी करून सिमेंटला निदान सात ते दहा दिवस पाणी मारावे. मे महिन्यात खड्डे खणून तापू द्यावेत आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत. एका वर्षात पैसा पुरला नाही तर पहिल्या वर्षी फक्त उतार, सांडपाणी आणि झाडे करा. पडवी दुसऱ्या वर्षी, कट्टा तिसऱ्या वर्षी. झाड मात्र पहिल्याच वर्षी लावा, कारण त्याची वाढ पैशाने घाईत आणता येत नाही.

आपल्या आई-आज्यांनी धुरात, चिखलात आणि उकिडवे बसून संसार केले. ते त्यांचे मोठेपण होते, पण तेच कष्ट सुनेने व लेकीने पुढे चालवावेत असा नियम नाही. उभ्याने भांडी घासता येईल असा ओटा, डोक्यावर सावली, पायाखाली कोरडी जमीन आणि काम संपल्यावर पाठ टेकायला एक कट्टा, एवढे जरी या दिवाळीनंतर तुमच्या परसात झाले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हाला समाधान वाटेल. वही आजच काढा, आणि पहिले पान घरातल्या बाईच्या हाती द्या.